बाउहाउसचे कागद आणि आपली माणसं



'बाउहाउस' हा शब्द ऐकला की आपल्यापैकी बहुतेकांना वाकवलेल्या स्टीलच्या नळ्यांची खुर्ची आठवते, नाहीतर सपाट गच्चीची, मोठ्या काचांची पांढरी इमारत. पण ही जर्मन कलाशाळा हिंदुस्थानात पहिल्यांदा आली तेव्हा बरोबर खुर्च्या नव्हत्या, होते ते कागद. डिसेंबर १९२२ मध्ये कलकत्त्याला 'इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट' या संस्थेचं चौदावं वार्षिक प्रदर्शन भरलं. त्यात वायमारच्या बाउहाउसमधल्या गुरूंची आणि विद्यार्थ्यांची रेखाटनं, जलरंग आणि मुद्राचित्रं (म्हणजे ठशावरून छापलेली चित्रं) मांडली होती. पॉल क्ले, वासिली कांडिन्स्की, लायोनेल फायनिंगर, योहानेस इटेन अशी आज जगभरच्या म्युझियममध्ये काचेआड असणारी नावं. गंमत म्हणजे खुद्द वायमारमध्ये बाउहाउसने आपलं गाजलेलं मोठं प्रदर्शन भरवलं ते ऑगस्ट १९२३ मध्ये. तो गाजावाजा व्हायच्या आठ महिने आधी हे काम कलकत्तेकरांसमोर होतं!

२०१९ मध्ये बाउहाउसची शंभरी झाली आणि २०२२ मध्ये कलकत्त्याच्या त्या प्रदर्शनाची. बंगाली मित्र ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान रास्तच आहे. आपल्या मराठी मंडळींत मात्र विषय निघाला की दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "त्यात आपलं काय?" आणि दुसरी, "आपल्याकडे हे सगळं आधीपासूनच होतं." मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं थोडक्यात असं, की कागद कलकत्त्याला आले खरे, पण त्या शाळेची काम करायची आणि शिकवायची रीत पुढे बऱ्याच अंशी मराठी माणसांच्या हातून आपल्याकडे रुजली. आणि ती गोष्ट आपण सलग कधी सांगत नाही. एक तुकडा आर्किटेक्ट लोकांना माहीत असतो, दुसरा चित्रकारांना, तिसरा फॉन्टवाल्यांना. आज ते तुकडे एकापुढे एक ठेवून बघतो.

आधी शाळेबद्दल. वाल्टर ग्रोपियस या आर्किटेक्टने १९१९ साली वायमार गावातली कलाशाळा आणि कारागिरीची शाळा एकत्र करून बाउहाउस सुरू केलं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, देश हरलेला होता. ग्रोपियसचा मुद्दा साधा होता. चित्रकार वरच्या पायरीवर आणि सुतार-लोहार खालच्या, ही उतरंड मोडायची. शाळेच्या जाहीरनाम्यावर फायनिंगरचं एक लाकडी ठशाचं चित्र होतं, कॅथीड्रलचं. का, तर कॅथीड्रल बांधताना गवंडी, सुतार, काचकाम करणारा, चित्रकार सगळे एकाच कामावर असायचे.

त्यामुळे प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू. एक आकार शिकवणारा आणि एक हत्यार शिकवणारा. मुद्रण कार्यशाळेत आकाराचा गुरू फायनिंगर आणि हत्याराचा गुरू कार्ल झाउबिट्झर. या कार्यशाळेचं महत्त्व आपल्याला चटकन लक्षात येत नाही, कारण 'प्रिंट' म्हटलं की आपल्याला झेरॉक्स आठवतं. इथे तसं नाही. लाकडाच्या फळीवर चित्रकार स्वतः उलटं चित्र कोरतो, नको असलेला भाग काढून टाकतो, उरलेल्या उंचवट्यावर शाई लावतो आणि कागद दाबतो. शिळाछापात दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, मग तेलकट शाई फक्त खडूच्या रेघेवर धरते. तिसरा प्रकार तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडायचा. तिन्हीत मूळ चित्र असं वेगळं काही नसतं. छापलेला प्रत्येक कागद हाच मूळ. कांडिन्स्कीने १९२२ मध्ये, म्हणजे त्याच वर्षी, 'छोटी विश्वं' नावाची बारा चित्रांची मालिका बाउहाउसमध्ये छापून घेतली. त्यात चार शिळाछाप, चार लाकडी ठसे आणि चार सुईचे पत्रे. जणू तिन्ही हत्यारांची उजळणी. शाळेने युरोपातल्या नव्या चित्रकारांच्या मुद्राचित्रांचे संचही काढले. पाच ठरले होते, त्यातले चार १९२१ ते १९२४ च्या दरम्यान निघाले.

आता हेच का परदेशी पाठवलं, ते उघड आहे. कागद हलका, गुंडाळता येतो, बोटीने जातो, आणि एक प्रत हरवली तर दुसरी असते. तैलचित्राचं तसं नाही. आपण सगळे दोन बॅगा आणि वजनाच्या मर्यादेत संसार बसवून परदेशी आलेले आहोत, त्यामुळे हे जास्त समजवायला नको!

कलकत्त्याचं जमलं कसं? स्टेला क्रामरिश नावाच्या कला-इतिहासकार बाई, व्हिएन्नाला शिकलेल्या, टागोरांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनला आल्या होत्या. इटेन बाउहाउसला जाण्याआधी व्हिएन्नात शिकवायचा, तिथली ओळख. क्रामरिश यांनी त्याला पत्र लिहिलं आणि तिकडून चित्रं निघाली. क्ले, कांडिन्स्की, फायनिंगर, इटेन यांच्याबरोबर गेरहार्ड मार्क्स, गेओर्ग मुखे, लोथार श्रायर हे गुरू, आणि मार्गिट टेरी-आडलर, सोफी कोर्नर या विद्यार्थिनी. त्याच प्रदर्शनात आपल्याकडची गगनेंद्रनाथ टागोरांसारखी मंडळीही होती. गगनेंद्रनाथांनी तेव्हा क्युबिझमशी खेळायला सुरुवात केली होती आणि क्रामरिश यांनी १९२२ मध्येच त्यांच्यावर लेख लिहिला होता. म्हणजे पाहुणे आले तेव्हा घर काही रिकामं नव्हतं.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यावी लागते. कलकत्त्याने जे पाहिलं ते आपल्या डोक्यातलं बाउहाउस नव्हतं. मार्सेल ब्रॉयरची स्टीलची खुर्ची १९२५-२६ मधली, डेसाउची प्रसिद्ध काचेची इमारत १९२६ ची. १९२२ चं बाउहाउस म्हणजे इटेनचं बाउहाउस. हा गृहस्थ डोकं सफाचट करून, झग्यासारखा पोशाख घालून वर्गात यायचा. चित्र काढायच्या आधी मुलांकडून श्वासाचे व्यायाम करून घ्यायचा. तो 'मझ्दझ्नान' नावाच्या पंथाचा होता. त्या नावात आपल्या पारशी बंधूंचा मझ्दा आहे, आणि पंथाचा नियम म्हणजे शाकाहार, उपास आणि भरपूर लसूण. मुंबईकराला यातलं काहीच परकं वाटणार नाही. इटेन १९२३ मध्ये शाळा सोडून गेला आणि मग ग्रोपियसने 'कला आणि तंत्रज्ञान, एक नवी एकजूट' अशी घोषणा दिली. स्टीलच्या नळ्या त्यानंतरच्या.

तेव्हा कलकत्त्याच्या प्रदर्शनाने भारतात 'बाउहाउस शैली' आणली असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. ती शैली तेव्हा जन्मालाच आली नव्हती.

मग त्याच वेळी मुंबईत काय चाललं होतं?

सर ज. जी. कलाशाळा, आपलं जे.जे., १८५७ साली सुरू झालं, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून. इंग्रजांचा हेतू काही चित्रकार घडवण्याचा नव्हता, हस्तकलेचा होता. रुडयार्ड किपलिंगचे वडील लॉकवूड किपलिंग १८६५ मध्ये इथे शिकवायला आले ते शिल्प आणि सजावटीच्या कामासाठी. १८९१ मध्ये शाळेला जोडून 'रे आर्ट वर्कशॉप्स' सुरू झाले, त्यात कारागिरीच्या वेगवेगळ्या शाखा होत्या. कलाशाळेत कार्यशाळा हवी की नको, हा जो प्रश्न ग्रोपियसने १९१९ मध्ये घातला, तो मुंबईत अठ्ठावीस वर्षं आधी हजर होता. पण उत्तर वेगळं निघालं. मुलांना आणि पालकांना प्रतिष्ठा हवी होती, आणि प्रतिष्ठा पोर्ट्रेट काढणाऱ्याला होती, भांडी घडवणाऱ्याला नाही. म्हणून शाळा एक आणि तिच्यात दोन जाती, असं झालं. ग्लॅडस्टन सॉलोमन प्रमुख झाले तेही १९१९ मध्येच. त्यांनी समोर माणूस बसवून रेखाटन आणि भित्तिचित्रं यांवर भर दिला. बंगालवाले मुंबईला 'विलायती' म्हणून नाक मुरडायचे, मुंबईवाले बंगालला 'धूसर' म्हणून. या भांडणात कलकत्त्याला आलेल्या कागदांची वार्ता मुंबईच्या वर्गात शिरायला फारसा वाव नव्हता.

छपाईचं म्हणाल तर महाराष्ट्राला ती शिकवायला कोणी यायची गरज नव्हती. मुंबईत १८३१ साली गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग काढलं होतं. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली आणि रामपंचायतनापासून मराठेशाहीतल्या मुत्सद्द्यांपर्यंतची चित्रं घरोघर गेली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं जर्मन, तंत्रज्ञ जर्मन. त्यातलाच फ्रिट्झ श्लायशर नंतर छापखान्याचा मालक झाला. जे.जे.त शिकलेले दादासाहेब फाळके याच छापखान्यात काम करून पुढे स्वतःचा छापखाना काढते झाले, आणि १९०९ मध्ये यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. सिनेमा नंतरचा. म्हणजे मराठी माणूस आणि जर्मन छपाई यांची सोयरीक बाउहाउसच्या जन्माआधीची आहे.

पण (आणि इथे "आपल्याकडे सगळं होतं" वाल्यांनी थांबावं) रविवर्म्याची लक्ष्मी आणि फायनिंगरचं कॅथीड्रल या दोन्ही 'छापील' असल्या तरी एक नव्हेत. लक्ष्मीचं मूळ तैलरंगात, छापखान्याचं काम त्याची हुबेहूब प्रत काढायची. दगडावर रंग वेगळे करणाऱ्या कारागिराचं नाव कुठेच नाही. फायनिंगरच्या चित्रात फळीचा रेषा आणि चाकूचा झटका हेच चित्र. एकीकडे छपाई नोकर आहे, दुसरीकडे मालकीण. आपल्याकडे हात होता, यंत्र होतं, बाजार होता. हाताला चित्रकाराच्या बरोबरीने बसवणारी शाळा नव्हती.

इथे ओमानमध्ये राहून हे जास्त जाणवतं. मस्कतच्या बैत अल झुबैर म्युझियममध्ये (१९९८ पासूनचं) खंजिरांचा संग्रह आहे. एका खंजिरात चांदीकाम, चामड्याचं काम, पट्ट्याची वीण, मुठीची घडण असे कितीतरी हात असतात. तो कलाकृती की वस्तू, असं इथल्या माणसाला विचारलं तर तो आपल्याकडे विचित्र नजरेने बघेल. युनेस्कोने २०२२ मध्ये ओमानच्या खंजिराला वारशाच्या यादीत घेतलं ते नुसत्या वस्तूला नाही, तो घडवायच्या कौशल्याला आणि तो वापरायच्या रीतीला. शंभर वर्षांपूर्वी ग्रोपियस ज्यासाठी भांडत होता ते हेच. आणि छपाईचा धागाही इथे आहे. ओमानी राजघराण्यातल्या सुलतान बर्गशने १८८० च्या सुमारास झांझिबारला सरकारी छापखाना काढला आणि त्यावर इबादी पंथाचे ग्रंथ छापले. हा बर्गश गादीवर बसायच्या आधी एका बंडानंतर हद्दपार होऊन १८५९ ते १८६१ कुठे राहिला होता म्हणता? आपल्या मुंबईत!

असो. मूळ मुद्द्याकडे येतो. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडलं आणि माणसं जगभर पांगली. शाळा बंद करून तिचा प्रसार करण्याचं काम हिटलरइतकं कोणी केलं नसेल. मुंबईलाही त्या वाऱ्यावर काही माणसं येऊन पडली. रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये आले, वाल्टर लांगहॅमर १९३८ मध्ये व्हिएन्नाहून आले आणि टाइम्स ऑफ इंडियात कलासंचालक झाले. हे बाउहाउसचे नव्हते, पण नवी युरोपियन चित्रकला कशी बघायची हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या घरी आरा, रझा, हुसेन ही पोरं जायची, पुस्तकं आणि चांगल्या छापील प्रती बघायची. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमध्ये पुढे आपले अमरावतीकडचे गाडे आणि शिल्पकार सदानंद बाक्रे होते.

याच वर्तुळाजवळचा जे.जे.चा विद्यार्थी म्हणजे वासुदेव गायतोंडे. पन्नाशीच्या दशकातली त्यांची चित्रं बघा, पॉल क्लेचा प्रभाव लपत नाही. कलकत्त्याला क्लेचे कागद आले तेव्हा गायतोंड्यांचा जन्मही झालेला नव्हता (ते १९२४ चे). म्हणजे मूळ चित्रं कलकत्त्याला येऊन गेली, आणि क्ले मनात शिरला तो पुस्तकात छापलेल्या चित्रांतून, मुंबईत. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. ज्या संग्रहाचा पाया कांडिन्स्कीच्या चित्रांवर उभा आहे, त्याच्या भिंतींवर नागपूरला जन्मलेला एक अबोल मराठी चित्रकार!

दुसरा तुकडा आर्किटेक्ट मंडळींचा. अच्युत कानविंदे, जन्म १९१६, गाव आचरा, मालवणजवळचं. जे.जे.त आर्किटेक्चर शिकले. १९४५ मध्ये सरकारने त्यांना अमेरिकेला हार्वर्डला पाठवलं, आणि तिथे शिकवायला कोण, तर वाल्टर ग्रोपियस. म्हणजे ज्याने शाळा काढली त्याच्याच हाताखाली आचऱ्याचा मुलगा शिकला. परत आल्यावर त्यांचं सुरुवातीचं काम, उदाहरणार्थ अहमदाबादची अटिरा, अगदी सपाट, पांढरं, गुरूच्या वळणाचं. पण नंतर? आपल्यात आयआयटी कानपूरवाले आहेत, त्यांनी आठवून पाहावं. उघडी वीट, काँक्रीटची चौकट, इमारतींना जोडणारे उंचावरचे सावलीचे मार्ग, ऊन टाळायला खोलात ढकललेल्या खिडक्या. वायमारमध्ये सूर्य आत यावा म्हणून काच लावतात, कानपूरला तो बाहेर राहावा म्हणून भिंत लावावी लागते. कानविंद्यांनी गुरूची इमारत उचलली नाही, प्रश्न विचारायची पद्धत उचलली. या जागेचा उपयोग काय, हवा कशी, कारागीर कोण, साहित्य कोणतं मिळतं. शिष्य असावा तर असा. १९७४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २००२ मध्ये ते गेले.

तिसरा तुकडा प्रभाकर बरव्यांचा. अलिबागजवळच्या नागावचे, जे.जे.चे. त्यांची बरीच वर्षं विणकर सेवा केंद्रात नोकरीत गेली, आधी बनारसला आणि मग मुंबईला. चित्रकार आणि विणकर एका छपराखाली, एक आकार देतो, एक माग चालवतो. सरकारी फायलीत त्याला कोणी बाउहाउस म्हटलं नाही, पण दोन गुरूंची कार्यशाळा ती हीच. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी पुढच्या सुट्टीत जरूर मिळवावं. आकार, अवकाश, वस्तू यांवर इतक्या साध्या मराठीत लिहिलेलं फार थोडं आहे.

चौथा तुकडा सुधाकर नाडकर्णींचा. जे.जे.तून ते गेले जर्मनीतल्या उल्म गावी. ही शाळा १९५३ ची, तिचा पहिला प्रमुख मॅक्स बिल हा स्वतः बाउहाउसचा विद्यार्थी. हे बाउहाउसचं दुसरं घर, फक्त चित्रकला कमी आणि शास्त्र जास्त. उल्मला शिकत असताना नाडकर्ण्यांनी डिप्लोमासाठी विषय कुठला घेतला, तर मुंबईचं दूधकेंद्र. पिशवी किंवा बाटली घेऊन रांगेत उभं राहणाऱ्या गिऱ्हाईकाचा विचार जर्मनीत बसून! उल्मची शाळा १९६८ मध्ये बंद पडली, आणि १९६९ मध्ये पवईला आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर सुरू झालं. नाडकर्णी त्याच्या उभारणीतले. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीत डिझाईनचा विभाग उभा राहिला त्यातही त्यांचा मोठा वाटा.

आणि पाचवा तुकडा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांखालून रोज गेलेला आहे. र. कृ. जोशी, म्हणजे आर. के. जोशी. जे.जे.च्या अप्लाइड आर्टचे, जाहिरात क्षेत्रात नाव कमावलेले, आणि १९८३ पासून पवईच्या त्याच केंद्रात प्राध्यापक. इमेलवर मराठी लिहायचं म्हणजे आधी फॉन्ट पाठवा, तो समोरच्याने बसवा, तरी चौकोन दिसायचे, ते दिवस आठवतात का? नाहीतर सरळ रोमन लिपीत 'kasa kay' धाटणीचं मराठी! विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला आणि घरबसल्या मराठी दिसायला लागलं. तो जोशीसरांनी केलेला. बाउहाउसमध्ये हर्बर्ट बायरने १९२५ मध्ये मोठी अक्षरं काढून टाकून फक्त छोट्या अक्षरांची लिपी आखली होती, कंपासने आणि पट्टीने. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला मोठं अक्षर लागतं, त्यामुळे ते बंडच होतं. जोशीसरांचा प्रश्न उलटा. आपल्याकडे मोठी-छोटी अक्षरं नाहीतच, पण काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांचं लटांबर आहे, ते पडद्यावरच्या ठिपक्यांत न मोडता बसवायचं. त्यांनी अक्षर कमी केलं नाही, बोरूचं वळण लक्षात ठेवून यंत्राला समजावलं. २००८ मध्ये ते गेले.

आता ही सगळी माणसं पुन्हा एकदा ओळीने बघा. ग्रोपियसचा शिष्य कानविंदे, बाउहाउसच्या शिष्याने उभ्या केलेल्या शाळेचा विद्यार्थी नाडकर्णी, नाडकर्ण्यांच्या केंद्रात शिकवणारे जोशी. यात प्रदर्शन कुठेच नाही. प्रत्येक ठिकाणी आहे ती शाळा, कार्यशाळा, आणि एका माणसाने दुसऱ्याला हात धरून शिकवणं. आणि सगळ्यांच्या मागे एकच जे.जे.

हे मी इतक्या विस्ताराने लिहितोय त्याला कारण आहे. आपल्या घरांत मुलगा किंवा मुलगी "मला डिझाईन करायचंय" म्हणाली की अजून वातावरण तंग होतं. इथल्या आमच्या ओळखीतल्या एका घरी हेच चाललं होतं. मुलगी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला. तिचे बाबा मला म्हणाले, "अहो, एवढी फी भरतोय आणि ही रात्री दोन वाजेपर्यंत कागद दुमडत बसलेली असते. कात्री वापरायची नाही, गोंद वापरायचा नाही, आणि तो कागद उभा राहिला पाहिजे म्हणे. हे काय शिक्षण झालं?" मी म्हटलं, "भाऊ, हा धडा शंभर वर्षांचा आहे. बाउहाउसमध्ये योसेफ आल्बर्स मुलांना नेमकं हेच करायला लावायचा. साहित्य वाया न घालवता त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं ते शिकवायला. तुम्ही साइटवर स्टील कमीत कमी कसं लागेल ते बघता ना? तेच आहे." भाऊ सिव्हिलवाले. क्षणभर थांबून म्हणाले, "मग असं सांगायला काय होतं तिला?" तिला ते माहीतच नव्हतं. कॉलेजने धडा दिला होता, त्याचं घराणं सांगितलं नव्हतं.

गाण्यात आपण घराणं विचारतो. कोणाकडे शिकलात, त्यांचे गुरू कोण. डिझाईनमध्ये विचारत नाही, म्हणून कागद दुमडणं पोरखेळ वाटतं आणि मंगल फॉन्ट आकाशातून पडल्यासारखा वाटतो. "आपलं काय त्यात" म्हणणाऱ्याला हे घराणं दिसत नाही, आणि "आपल्याकडे सगळं होतंच" म्हणणारा ते मान्य करत नाही. दोघांच्या मध्ये पाच-सहा माणसांची मेहनत नाहीशी होते. जर्मनांनी आपल्या चौदा वर्षं चाललेल्या शाळेसाठी २०१९ मध्ये वायमारला आणि डेसाउला दोन नवी म्युझियम उघडली. आपलं जे.जे. १६५ वर्षांच्या वरचं आहे. मळवलीच्या रविवर्मा छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली आणि त्यात काय काय गेलं याचा हिशोब आता लागणं कठीण.

सगळं सरकारवर टाकून चालणार नाही, काही गोष्टी आपल्या घरातल्या आहेत. तेव्हा मंडळी, दोन विनंत्या.

पहिली. आपल्यापैकी ज्यांचे काका, मामा, आत्या पन्नास-साठच्या दशकांत जे.जे.ला होते, किंवा जे स्वतः कानपूर, पवई इथे शिकले, त्यांनी या लोकांच्या आठवणी लिहाव्यात. चार ओळी चालतील. वर्ग कसा भरायचा, हातात काय द्यायचे, काय चुकलं की रागवायचे. वय झालेल्या नातेवाईकांना या सुट्टीत भेटाल तेव्हा फोनवर आवाज टिपून घ्या.

दुसरी. गावच्या घरी, देवघरात किंवा माळ्यावर जुनं छापील चित्र असेल तर ते आधी तळाशी नीट बघा. पांढऱ्या समासात बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव असतं. चित्रशाळा, रविवर्मा, किंवा आणखी कोणी. नवी फ्रेम करताना फ्रेमवाला चित्र 'व्यवस्थित' बसावं म्हणून नेमका तोच समास कापतो. त्याला कापू देऊ नका. लॅमिनेशन करू नका, प्लायवूडवर फेव्हिकॉलने चिकटवू नका, थेट उन्हात टांगू नका. मस्कतला आणायचं असेल तर सपाट ठेवून आणा, आणि एसीच्या पाण्याच्या ओलीपासून लांब ठेवा. काही करायच्या आधी समासासकट एक फोटो काढा आणि इथे सगळ्यांना दाखवा. छापखान्यांची नावं एकत्र लिहीत गेलो तर त्यातूनही बरंच हाती लागेल.

कळावे, लोभ असावा.

मस्कत, ओमान